अर्धी सूट अधिक अर्धी सूट: मुलांचे पैसे आणि मुलांचे अपूर्णांक

रानजाई

पाचवीतल्या मुलाला विचारा, ३/४ मोठा की २/३? तो तिरकस गुणाकार करून बरोबर उत्तर देईल. त्यालाच विचारा, पाऊण लिटर दूध होतं, त्यातलं पाव लिटर चहाला गेलं, उरलं किती? बऱ्याचदा तो आधी पेन शोधतो.

पैशाचंही तेच. घरात रोकड दिसेनाशी झाली आहे. भाजीपासून रिक्षापर्यंत सगळीकडे मोबाइल पुढे करायचा आणि 'टिंग' वाजलं की निघायचं. आपण सुट्टे मोजता मोजता जी वजाबाकी शिकलो, ती या मुलांच्या वाट्याला आपोआप येत नाही.

मी संध्याकाळी सोसायटीतल्या तिसरी ते सहावीच्या मुलांचा गणिताचा गट घेते. शिकवणी नाही, फी नाही, गृहपाठ नाही. रीत आधी सांगायची नाही, एवढा एकच नियम. प्रश्न द्यायचा आणि गप्प बसायचं. (यातलं दुसरं जास्त अवघड आहे.)

गेल्या आठवड्यात दिलेला प्रश्न असा:

एक कुटुंब एसटीने गावी निघालंय. आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८ वर्षांची, आई, बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. पूर्ण तिकीट १५० रुपये. कंडक्टर एकूण किती पैसे घेईल?

सवलतींचे नियम मुलांनीच घरून विचारून आणले. पंच्याहत्तरच्या पुढे फुकट, हे २०२२ पासून. पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं. पाच ते बारा वर्षं अर्धं, पाचच्या आत फुकट. बहुतेकांनी सहा माणसांपुढे सहा आकडे मांडले आणि बेरीज केली: ३७५. एका चौथीतल्या मुलाने आकडे मांडलेच नाहीत. तो म्हणाला, "आजी अर्धी, आई अर्धी, ताई अर्धी, बाबा एक. अडीच तिकिटं. दोनचे तीनशे आणि अर्ध्याचे पंचाहत्तर." ५/२ गुणिले १५० त्याला कुणीही शिकवलेलं नाही.

खरी मजा पुढे. एका मुलीने हात वर केला: "मी लहान आहे म्हणून अर्धं, आणि मुलगी आहे म्हणून परत अर्धं. मग माझं पाव तिकीट व्हायला पाहिजे. साडेसदतीस रुपये." त्यावर तिच्या शेजारचा म्हणाला, "अर्धी सूट अधिक अर्धी सूट म्हणजे पूर्ण सूट. तू फुकटच जाशील."

झालं. गटात दोन पक्ष. एसटीत एका माणसाला एकच सवलत मिळते, त्यामुळे व्यवहारात दोघांचंही म्हणणं चालणार नाही, पण भांडण गणिताचं होतं. शेवटी कागदाची एक पट्टी आली. ती तिकीट. एकदा दुमडली, अर्धं फाडून टाकलं. उरलेली पुन्हा दुमडली. पाववाला पक्ष खूश. पण फुकटवाला मुलगा हटेना: "दुसरी घडी अख्ख्या पट्टीची का नाही? सूट तर तिकिटावर आहे."

त्याचा प्रश्न अगदी योग्य आहे. अर्धं, पण कशाचं अर्धं? अपूर्णांकाच्या धड्यात हे वाक्य असतं, पण मुलांना ते कधी विचारावंसं वाटत नाही. इथे साडेसदतीस रुपयांसाठी वाटलं.

तुमच्याकडे असे प्रश्न असतील तर लिहा. पुस्तकातले नकोत, घरातले, बाजारातले, प्रवासातले हवेत.


चिंचोका

धागा आवडला. गप्प बसण्याला +१००. माझ्याच्याने होत नाही.

लेक तिसरीत. मंडईत शंभराची नोट तिच्या हातात देते आणि मी पिशवी धरते. परवा गवार साठ रुपये किलो होती आणि पाव किलो वीस. साठचे चार भाग पंधरा, एवढं तिला येतं. लगेच म्हणाली, "मावशी, पाव किलो पंधराला झाली पाहिजे." मावशी हसल्या. "पंधराच्या भावाने पाहिजे तर किलोभर घे, बाय."

मग अर्धा किलोचा भाव विचारला, तर पस्तीस. म्हणजे पाव वीस, अर्धा पस्तीस, किलो साठ. घरी येताना तिने स्वतःच विचारलं, पाऊण किलो हवी असती तर? वीस आणि पस्तीस, पंचावन्न. चार पावलं गेली आणि रस्त्यातच थांबली. "आई! पाच रुपये जास्त दिले तर पाव किलो फुकट!" फुकट नाही हे तिला कळतंय, पण पाच रुपयांत पाव किलो हा शोध तिचा होता. मी मध्ये बोलले असते तर मीच सांगून टाकलं असतं.

(गवार पाव किलोच आणली. एवढी गवार खाणार कोण?)


कंदीपेढा

रानजाई ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. आमच्याकडे आनंद बाजार भरतो, काही शाळा त्याला बाल बाजार म्हणतात. पोरं भाजी, भेळ, सरबत विकतात, गावातली माणसं येतात, फोटो काढले जातात. पण खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी भाव आई ठरवते, हिशेब गुरुजी करतात आणि पोरगं नुसतं "घ्या, घ्या" म्हणून ओरडतं. त्यातून आवाज वाढतो, गणित नाही.

आम्ही त्यात थोडा बदल केला होता. चौघांच्या गटाला भांडवल उसनं द्यायचं आणि संध्याकाळी ते परत घ्यायचं. भाव त्यांनीच ठरवायचा, आणि तो तसाच का ठरवला हे वहीत लिहायचं.

एका गटाचं लिंबू सरबत अजून आठवतंय. लिंबं ६०, साखर ४५, पन्नास कागदी पेले ५०. एकूण १५५. पन्नास पेल्यांना १५५, म्हणजे एक पेला तीन रुपये दहा पैशांना पडला. तिथे पोरं अडली. एक म्हणाला तीनला विकू, दहा पैशांनी काय होतंय? दुसरीने पन्नास वेळा दहा पैसे मांडून दाखवले, पाच रुपये तोटा. मग पाच रुपये भाव ठरला. सगळे खपले तर ९५ नफा, हेही वहीत लिहून झालं.

खपले एकोणचाळीस. जमले १९५. आणि मग आठवलं, तीस रुपयांचा बर्फ हिशेबात धरलाच नव्हता. नफा राहिला दहा रुपये, वाटेकरी चार. अडीच-अडीच रुपये. आठ आण्याचं नाणं कायद्याने अजून चालतं, पण गावात कोण घेतो? पोरांनी दहाचा बिस्किटाचा पुडा आणला आणि तो वाटून घेतला. पुड्यातली बिस्किटं चाराने भागेनात, दोन उरली. ती अर्धी अर्धी मोडली.

नफा-तोट्याचा धडा पुढे दोन इयत्तांनी आला. त्या चौघांना 'बर्फ' एवढं म्हटलं तरी पुरायचं.


दशांश

जरा उलटं बोलतो, राग मानू नका.

अपूर्णांक शिकवायला पैसा हे वाईट साधन आहे, असं माझं मत आहे. पैशातून मूल जे शिकतं ते अपूर्णांक नसतात. ३.२५ रुपये त्याला 'तीन रुपये आणि पंचवीस पैसे' दिसतात, म्हणजे दोन पूर्ण संख्या आणि मध्ये एक टिंब. म्हणून ५.५ रुपये म्हणजे पाच रुपये पाच पैसे असं ते लिहितं. म्हणूनच ०.१२५ हे ०.२५ पेक्षा मोठं वाटतं, कारण एकशे पंचवीस पंचविसापेक्षा मोठे. पैशाच्या हिशेबात टिंबानंतर तिसरा आकडा येतच नाही, त्यामुळे हा गैरसमज कधी उघडाही पडत नाही.

क्रिकेटने यात भरच घातली आहे. ४.३ षटकांत ३६ धावा, धावगती किती? मुलं ३६ भागिले ४.३ करतात. तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक, भागायचं साडेचारने, उत्तर आठ. फलकावरचं ते टिंब दशांशाचं नाहीच.

आणि शेवटचं: रुपयाचा तिसरा भाग करून दाखवा. होत नाही. पैसा सुटा सुटा मोजायचा असतो, अपूर्णांक सलग वस्तूचे असतात. त्यांची जागा भाकरीत आणि मोजपट्टीवर. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी अपूर्णांकाचे वाटप आणि मोजमाप हे दोन अर्थ एकत्र आणून शिकवायचं काम केलं आहे. मला ती दिशा जास्त पटते.


रानजाई

@दशांश, राग कसला? ५.५ चा मुद्दा शंभर टक्के मान्य. क्रिकेटचा प्रश्न तर उद्याच घेते, आभार.

वाटपाचंही मान्य, आणि आम्ही ते करतो. तीन भाकऱ्या, चार जण, प्रत्येकाला किती? काही मुलं दोन भाकऱ्या अर्ध्या करतात, चौघांना एकेक अर्धी देतात आणि तिसरीचे चार भाग करतात. अर्धी आणि पाव. काही मुलं सरळ तिन्हींचे चार-चार भाग करून तीन पाव देतात. मग मी एवढंच विचारते, कोणत्या घरात जास्त मिळाली? पहिल्या दिवशी निम्म्या मुलांना अर्धी-पाववालं घर श्रीमंत वाटतं, कारण तिथला तुकडा मोठा. १/२ + १/४ = ३/४ हे पुढे फळ्यावर येतं तेव्हा त्यांच्याकडे त्याचं चित्र आधीपासून असतं.

त्याच्या पुढचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. एका घरी चार जण, तीन भाकऱ्या. दुसऱ्या घरी पाच जण, चार भाकऱ्या. जेवायला कुठे जाल? एका मुलीचं उत्तर जसंच्या तसं: "पहिल्या घरी प्रत्येकाची पाव भाकरी कमी पडली. दुसऱ्या घरी पाचवा भाग कमी पडला. पाचवा भाग पावापेक्षा बारीक, म्हणून दुसऱ्या घरी." ३/४ आणि ४/५ ची तुलना झाली, छेद समान न करता.

पण 'पैसा नको' हे मला पटत नाही. भाकरीचा तुकडा थोडा लहान-मोठा झाला तर मुलं चालवून घेतात. पैशात एक रुपया इकडचा तिकडे झाला तर भांडतात. मला ते भांडण हवं असतं.


सोळाआणे

दशांशराव, रुपयाचा तिसरा भाग होत नाही हे तुमच्या नव्या रुपयाचं. आमच्या जुन्या रुपयाचा व्हायचा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्याचा तिसरा भाग ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै. उरत काही नाही. निम्मा आठ आणे, पाव चार आणे, त्याचा निम्मा दोन आणे. अधेली, पावली, चवली. नाणी हातात असली की अर्धं, पाव, अष्टमांश वेगळे शिकवावे लागत नव्हते.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा मी शाळकरी होतो. चार आण्याचे पंचवीस नवे पैसे हे ठीक. पण एका आण्याचे सव्वासहा! सव्वासहा पैसे देणार कसे? म्हणून कोष्टक होतं: एका आण्याचे सहा, दोनाचे बारा, तिनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस. आता तुमच्या मुलांना विचारा, एकेक आण्याच्या चार गोळ्या चार वेळा जाऊन घेतल्या तर किती पैसे, आणि एकदम घेतल्या तर किती? आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं.

शिवाय अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ. चार सव्वा पाच, सहा दीड नऊ, तीन औट साडेदहा. आजही भाजीवाल्याच्या आधी माझा हिशेब होतो. तुम्ही 'समजून घ्या, समजून घ्या' करत मुलांकडून पाढे काढून घेतलेत.


निवांत

आजोबा, आदर राखून विचारतो, वर्गातल्या किती जणांना औटकी म्हणजे साडेतीनची पट हे माहीत होतं? माझे वडील औटकी घडाघडा म्हणायचे. पण साडेतीनला साडेतीनने गुणा म्हटलं की वही मागायचे.

अवांतर: २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' म्हणण्यावरून जो गदारोळ झाला तो...


रानजाई

@निवांत, तो वेगळा धागा. इथे नको, प्लीज. शंभर प्रतिसाद होतील आणि अपूर्णांक बाजूला राहतील.


सोळाआणे

साडेतीन साडेतीन सव्वाबारा. वही नको.

पण तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ होतं, वापरता थोड्यांना येत होतं. ज्यांना येत होतं त्यांची बहुतेक करून दुकानं होती. मी किराणा दुकानदाराचा मुलगा.

गल्ल्यावर वजाबाकी कशी होते ते सांगतो. गिऱ्हाइकाचे ६३ झाले, त्याने शंभर दिले. शंभरातून त्रेसष्ट कुणी वजा करत नाही. वडील तोंडाने मोजत आणि हाताने पैसे ठेवत: त्रेसष्ट (दोन रुपये), पासष्ट (पाच), सत्तर (दहा), ऐंशी (दहा), नव्वद (दहा), शंभर. झालं, सदतीस परत गेले. गिऱ्हाइकानेही मोजले, चूक व्हायला जागा नाही. आणि सुट्टे नसले की "वरचे तीन द्या", म्हणजे १०३ घ्यायचे, चाळीस परत. वरचे तीन का मागितले हे लहान मुलांना पटकन कळत नाही. विचारून बघा.


जर्सीकर

इथे अमेरिकेत वेगळाच घोळ. पंचवीस सेंटच्या नाण्याला 'क्वार्टर' म्हणतात. आमच्या धाकट्याने क्वार्टर म्हणजे पंचवीस असं पक्कं धरलं आणि पाव तास म्हणजे पंचवीस मिनिटं लिहून आला. त्याला विचारलं, आजी फोनवर 'सव्वाचारला बोलू' म्हणते, तेव्हा घड्याळात किती वाजलेले असतात? चार वाजून पंधरा मिनिटं. शंभराचा चौथा भाग आणि साठाचा चौथा भाग वेगळा, हे त्याने मग घड्याळाच्या तबकडीवर बोट फिरवून स्वतःच पाहिलं.

आणि दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्यापेक्षा आकाराने लहान! सुरुवातीला तो एका 'डाइम'च्या बदल्यात खुशीने एक 'निकेल' घ्यायचा. मोठ्या भावाने याचा बरेच दिवस फायदा घेतला.


वाटसरू

सोळाआणे काकांच्या गल्ल्यावरून आठवलं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता, १९८५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. संशोधक आधी गिऱ्हाईक बनून गेले. बारा वर्षांचा मुलगा, नारळ ३५ क्रुझेरोंना. चार नारळ किती? तो म्हणाला, तीनचे एकशे पाच, त्यात तीस, एकशे पस्तीस, आणि पाच, एकशे चाळीस. बरोबर.

नंतर त्यालाच कागद-पेन्सिल देऊन ३५ × ४ करायला सांगितलं. चार पाचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, चार पाचे वीस. लिहिलं २००. हातचे दोन गुणाकाराच्या आधीच मिळवून टाकले. चार नारळांचे दोनशे त्याने बाजारात एकदाही मागितले नसते.

त्या अभ्यासात बाजारातली जवळजवळ सगळी उत्तरं, ९८ टक्के, बरोबर आली. त्याच मुलांची कागदावरची नुसती गणितं ३७ टक्के.

आता दुसरी बाजू. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबरोबर असंच काम केलं, ते २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं. बाजारातली मुलं अवघड हिशेब तोंडी करत होती आणि शाळेच्या साध्या गणितात अडखळत होती. पण शाळेत जाणारी मुलंही बाजारातल्या हिशेबात अडखळली. तोंडी गुणाकाराच्या जागी त्यांनी कागदावर लांबलचक बेरजा मांडल्या.

म्हणून मला या धाग्यात एक काळजी वाटते. नुसतं बाजारात नेलं की गणित येईल असं नाही. बाजारातलं बाजारात राहतं, वहीतलं वहीत. मुलाने तोंडी काढलेलं उत्तर त्याच दिवशी त्याच्याकडूनच चिन्हांत लिहून घ्यायला हवं. चिंचोका, तुमच्या लेकीने २० + ३५ = ५५ केलं. ते १/४ + १/२ = ३/४ च्या शेजारी लिहिलं का? तिथे वजनाचे अपूर्णांक जुळतात, पण भाव त्या प्रमाणात जुळत नाही. साठची पाऊणपट पंचेचाळीस होते, पंचावन्न नाही. हे दोन्ही एका पानावर दिसलं पाहिजे.


दशांश

वाटसरूंना अनुमोदन. काकांची ६३ ते शंभर ही उडी संख्यारेषेवर काढायची. ६३ पासून दोनची उडी, पाचची उडी, तीसची उडी. मग शेजारी १०० − ६३ हातचे घेऊन. दोन्हीकडे ३७. हे रोज करणार असाल तर पैशाबद्दलची माझी हरकत बरीचशी मागे घेतो. बरीचशी, सगळी नाही. ५.५ चं काय करणार?


रानजाई

५.५ ला आम्ही लांबीकडे नेतो. साडेपाच मीटर दोरी. पाच मीटर पाच सेंटिमीटर आणि साडेपाच मीटर या दोन दोऱ्या प्रत्यक्ष कापल्या की वाद उरत नाही. मग विचारायचं, आता साडेपाच रुपये कसे लिहायचे? शून्य का जोडायचं हे मुलंच सांगतात. इथे पैशाच्या मदतीला दोरी लागते, एवढं तुमचं मान्य.


आंबेमोहर

पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा तिसरीत. बेरीज-वजाबाकी छान, पण शाब्दिक उदाहरण आलं की रडारड. क्लासमध्ये त्यांना शिकवलंय, 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'जास्त' दिसलं की बेरीज. काही दिवस चाललं, आता पुन्हा गोंधळ. काय करू?


कंदीपेढा

ताई, तो खुणेचे शब्द शोधायचा रोग आहे, पोराचा दोष नाही. हे उदाहरण घाला त्याला: रमाकडे ४५ रुपये आहेत. ते सीमापेक्षा १२ रुपयांनी जास्त आहेत. सीमाकडे किती? 'जास्त' दिसलं म्हणून ५७ लिहील. त्याला चूक म्हणू नका. दोघींपुढे खरे पैसे मांडायला सांगा आणि विचारा, आता कुणाकडे जास्त दिसतात? पोरगं स्वतःच १२ काढून घेतं.

अजून एक. आकडे काढून टाकून उदाहरण वाचा. "रमाकडे काही पैसे आहेत, सीमाकडे त्याहून थोडे कमी." आधी काय चाललंय ते त्याच्या शब्दांत सांगू दे, मग आकडे द्या. आकडे समोर असले की पोरांचा हात आधी चालतो.

आणि महिनाभर त्यालाच उदाहरणं तयार करायला लावा. स्वतःच्या गोष्टीत त्याला खुणेचे शब्द शोधावे लागणार नाहीत.


आंबेमोहर

धन्यवाद सर. आजच केलं. उदाहरण तयार कर म्हटल्यावर त्याने लिहिलं: "आईकडे ५०० रुपये होते. तिने मला सायकल घेतली नाही. किती उरले?"


निवांत

=)) उत्तर बरोबर आलं का?

मोठ्या मुलांसाठी माझाही एक. कपड्यांच्या दुकानात पाटी असते, ५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के. हजाराचा शर्ट कितीला? सातवीतला भाचा म्हणाला तीनशे. चारशे द्यावे लागतात. रानजाईंच्या फुकटवाल्या मुलाचंच गणित, फक्त टक्क्यांत. भाच्याने पुढे विचारलं, आधी २० आणि मग ५० दिली तर? आधी त्याला पैज लावायला लावली, मग करून पाहायला सांगितलं. दोन्हीकडून चारशे आले तेव्हा त्याचा विश्वास बसेना, दुसऱ्या किमती घेऊन पाहत बसला.


वाटसरू

आणि तीन मित्रांत शंभर रुपये? तेहतीस, तेहतीस, तेहतीस, एक उरला. तो कुणाचा? आमच्या पुतण्यांनी तीन उत्तरं दिली. बिल द्यायला पुढे झाला त्याला द्या. चिठ्ठी टाका. पुढच्या वेळचे शंभर येईपर्यंत डब्यात ठेवा. डबेवाल्याला विचारलं, किती वेळा शंभर आले की डबा रिकामा करता येईल? तो लगेच म्हणाला, तीन वेळा.


दशांश

लहानांसाठी एक देतो. दहा रुपये किती प्रकारे देता येतील? एक, दोन, पाच आणि दहाची नाणी, हवी तेवढी. उत्तर नुसतं नको, सगळे प्रकार सापडले हे कशावरून, तेही सांगायचं.


चिंचोका

लेकीला नऊ सापडले. मग तिने पाचच्या नाण्यांप्रमाणे याद्या केल्या. पाचचं एकही नाही: सहा. एक पाच: तीन. दोन पाच: एक. दहा झाले. दहाचं नाणं धरून अकरा. आता वीसचं करत बसलीये, जेवायला येत नाहीये.


चिंचोका

वीसचे एकोणचाळीस आले. बरोबर आहे का?


दशांश

जवळ आहे. दहाची दोन नाणी धरलीत? आणि वीसचं एकच नाणं?


चिंचोका

दोन्ही राहिली होती. एक्केचाळीस. आता पन्नासचं करते म्हणतेय.


दशांश

पन्नासचं हाताने करू देऊ नका. नोटा-नाणी मिळून ४५१ येतात, मी प्रोग्राम लिहून मोजलेत. तिसऱ्या पानावर ती तुम्हालाच कामाला लावेल.